हातांना फुटली वाचा

१९५७ च्या मार्च महिन्यात पश्चिम आफ्रिकेतील घाना हा देश स्वतंत्र झाला. त्याच वर्षी राजधानी अक्रा येथे एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण येऊन दाखल झाला. नाव अँड्र्यू फॉस्टर. सोबत ना लवाजमा, ना मोठी थैली. त्याला बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढायची होती. त्यासाठी तो ज्यांना ज्यांना भेटला, त्यांच्यापैकी अनेकांनी त्याला एकच गोष्ट ऐकवली, की आमच्याकडे बहिरी मुले नाहीतच!

फॉस्टर यांच्याविषयी जेथे जेथे लिहिले जाते, तेथे ही हकीकत सांगितली जाते. वाचून हसू येते. पण ते लोक काही खोटे बोलत नव्हते. त्यांना बहिरी मुले खरोखरच दिसली नव्हती. जे मूल शाळेत जात नाही, प्रार्थनेला येत नाही, बाजारात आईचा पदर सोडत नाही आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत पाठवले जाते, ते दिसणार कोणाला?

आणि हसण्याआधी जरा आपल्याकडेही पाहू या. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली. आपल्यापैकी कितीजणांनी त्यांतल्या एकाशी तरी पाच मिनिटे निवांत संवाद केला आहे? आंधळ्याची काठी दिसते, पोलिओने अधू झालेला पाय दिसतो. बहिरेपण मात्र दिसत नाही. चारचौघांत उभे असलेले बहिरे मूल इतर मुलांसारखेच दिसते. कोणी हाक मारली आणि त्याने वळून पाहिले नाही, की त्याच्यावर पहिला शिक्का बसतो तो ‘उद्धट’ म्हणून आणि दुसरा ‘मंद’ म्हणून.

फॉस्टर यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. ते स्वतः ठार बहिरे होते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यात १९२५ साली त्यांचा जन्म झाला. वडील कोळशाच्या खाणीत कामाला. अँड्र्यू अकरा वर्षांचे असताना त्यांना आणि त्यांच्या भावाला मेंदूच्या आवरणाचा दाह होणारा ताप आला. दोघेही भाऊ वाचले, पण दोघांचेही कान गेले. एका घरातली दोन मुले एकाच आजारात बहिरी झाली, त्या माऊलीचे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

त्या काळी अलाबामात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या. बहिऱ्यांच्या शाळांतही हीच वाटणी! काळ्या बहिऱ्या मुलांसाठी टॅलाडेगा या गावी शाळा होती, पण तेथे वरच्या इयत्ता नव्हत्या. पुढे फॉस्टर उत्तरेकडे मिशिगन राज्यात नातलगांकडे गेले. दिवसा मोलमजुरी आणि उरलेल्या वेळात अभ्यास, असे करत त्यांनी पत्रद्वारा शिक्षण घेऊन शालान्त परीक्षेची पायरी ओलांडली. वॉशिंग्टन येथील गॅलॉडेट महाविद्यालय हे बहिऱ्यांच्या उच्च शिक्षणाचे जगातले अग्रगण्य ठिकाण. तेथेही त्यांना आधी वर्णामुळे प्रवेश नाकारला गेला. अखेर १९५१ साली दार उघडले. १९५४ मध्ये तेथून पदवी घेऊन ते बाहेर पडले, तेव्हा त्या संस्थेची पदवी मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांची नोंद झाली. पाठोपाठ त्यांनी आणखी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. एक शिक्षणशास्त्रातली आणि दुसरी ख्रिस्ती धर्मसेवेच्या अभ्यासातली. लगेच १९५६ साली त्यांनी आफ्रिकेतील बहिऱ्यांसाठी एक ख्रिस्ती मिशन स्थापन केले आणि पुढच्या वर्षी ते अक्र्याला पोचले.

शाळा काढायची म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम इमारत येते. मग देणगीदार, कोनशिला, उद्घाटनाची फीत. फॉस्टर यांच्याकडे यातले काहीच नव्हते. ऐकू येणाऱ्या मुलांच्या एका शाळेचे वर्ग त्यांनी मागून घेतले. तेथील मुले घरी गेली, की रिकाम्या बाकांवर यांची मुले बसत. मुलांबरोबर मोठी माणसेही येत, कारण मोठ्या बहिऱ्यांनी तरी शाळा कोठे पाहिली होती?

आता खरी अडचण पुढेच होती. शाळेत पहिल्या दिवशी काय शिकवायचे? आपण म्हणू, मुळाक्षरे. पण मुळाक्षरे शिकवायला आधी भाषा लागते. आपले मूल वयाच्या सहाव्या वर्षी शाळेत जाते तेव्हा त्याच्याजवळ हजारो शब्द असतात. ते त्याला कोणी शिकवलेले नसतात. पाळण्यात पडल्यापासून आईचे लाडे लाडे बोलणे, आजीच्या गोष्टी, बाबांचे ओरडणे, दारावर आलेल्या भाजीवालीशी चाललेली घासाघीस, हे सगळे कानावरून जाता जाता त्यातले निम्मे आत साठत राहते. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याची बुद्धी शाबूत असते, पण तिला धरायला दांडी नसते. अशी कितीतरी मुले असतात, की आपल्याला एक नाव आहे हेसुद्धा त्यांना ठाऊक नसते. नाव ही हाकेची गोष्ट. हाक त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

येथे फॉस्टर यांच्यात आणि त्यांच्या विद्यार्थ्यांत एक मोठा फरक होता, तो ध्यानात घेतला पाहिजे. फॉस्टर अकराव्या वर्षी बहिरे झाले, तोवर इंग्रजी त्यांच्या अंगात मुरली होती. त्यांचे कान गेले, भाषा राहिली. समोरच्या बाकांवरच्या बहुतेक मुलांकडे मात्र कान नव्हते आणि भाषाही नव्हती. म्हणून त्यांनी पहिल्यांदा मुलांच्या हातांना शब्द दिले. गॅलॉडेटमध्ये ते ज्या अमेरिकन खुणांच्या भाषेत शिकले, तीच भाषा त्यांनी या मुलांना दिली. ही खूण म्हणजे पाणी, ही खूण म्हणजे आई, ही तुझी खूण, ही माझी. मग त्या खुणेशेजारी फळ्यावर लिहिलेला इंग्रजी शब्द.

आज हे वाचताना यात विशेष ते काय, असे वाटेल. पण त्या काळात ही जवळजवळ बंडखोरी होती. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिने ठराव केला, की बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला आणि तोंडाने बोलायलाच शिकवावे, खुणांना वर्गात थारा देऊ नये. हा निर्णय ऐकू येणाऱ्यांनी घेतला, बहिरे शिक्षक तेथे औषधापुरतेच होते. पुढे शंभर वर्षे जगभरच्या शाळांवर त्या ठरावाची छाया राहिली. हात हलवले म्हणून मुलांच्या हातांवर पट्ट्या बसल्या, हात पाठीमागे बांधून बसवले गेले. त्याच परंपरेच्या परिषदेने व्हँकुव्हर येथे त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला तो २०१० साली! ओठ वाचून बोलणारी मुले असतात, नाही असे नाही. थोडेफार ऐकू येत असेल, घरचे लोक तासन् तास मेहनत घेणारे असतील, चांगले श्रवणयंत्र असेल, तर हे साधते. पण आरशात पाहून ‘पापा’ आणि ‘बाबा’ हे शब्द उच्चारून बघा. ओठांची हालचाल जवळपास सारखीच दिसेल. ज्याने दोन्ही शब्द कधी ऐकलेच नाहीत, त्याने ते ओळखायचे कसे?

शिवाय फॉस्टर यांच्या शाळेत आणखी एक गोष्ट होती, ती कुठल्याही पद्धतीपेक्षा मोठी. वर्गात उभा असलेला मास्तर स्वतः बहिरा होता. तो पुस्तके वाचत होता, पत्रे लिहीत होता, साहेबांना जाऊन भेटत होता, समुद्र ओलांडून आला होता. आपल्या बहिऱ्या मुलाचे पुढे काय होणार, या चिंतेने खचलेल्या आईबापांनी असा माणूस यापूर्वी कधी पाहिला नव्हता. त्यांना वेगळे पटवून सांगण्याची गरज उरली नसावी.

काही काळाने ही शाळा अक्र्याहून मांपाँग-अक्वापिम या डोंगरावरच्या गावी गेली. (घानात कोकोचा पहिला मळा याच गावी लागला. आज जगाला चॉकलेट खाऊ घालणाऱ्या या देशाला ते गाव त्यामुळे माहीत आहे.) तेथे मुलांच्या राहण्याचीही सोय झाली. फॉस्टर मात्र तेथे थांबले नाहीत. १९६० मध्ये त्यांनी शेजारच्या नायजेरियातील इबादान शहरी शाळा सुरू केली आणि मग एकामागून एक देश पालथे घातले. फ्रेंच बोलणाऱ्या देशांत काम करायचे म्हणून ते फ्रेंचही शिकले. त्यांनी स्थापन केलेल्या शाळांची संख्या तीसच्या वर जाते, आणि त्या तेरा देशांत पसरल्या होत्या.

एवढ्या शाळा एक माणूस चालवील कसा? तो चालवत नव्हताच. ही त्यांची रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. शाळा सुरू करायची, तेथल्याच बहिऱ्या तरुणांना शिक्षक म्हणून तयार करायचे, शाळा त्यांच्या किंवा सरकारच्या हाती सोपवायची आणि आपण पुढच्या गावाला लागायचे. इबादान येथे वेगवेगळ्या देशांतील बहिरे तरुण येऊन शिकत आणि आपापल्या देशी परतून शाळा सांभाळत. काही विद्यार्थी थेट गॅलॉडेटपर्यंत पोचले. नायजेरियातील त्यांचा एक विद्यार्थी पुढे गॅलॉडेटमध्येच अधिष्ठाता झाला. आपल्याकडे संस्थापक म्हटला की तो शेवटच्या श्वासापर्यंत खुर्ची सोडत नाही आणि त्याच्यानंतर ती त्याच्या चिरंजीवांना मिळते. त्या पार्श्वभूमीवर हे उठून दिसते.

या सगळ्याची किंमत घरानेही मोजली. १९६१ साली फॉस्टर यांचे लग्न बेर्टा या जर्मन तरुणीशी झाले. त्याही कर्णबधिर. या दांपत्याला पाच मुले झाली. पुढील काळात कुटुंब अमेरिकेत मिशिगनला राहू लागले. फॉस्टर वर्षातले कित्येक महिने आफ्रिकेत असत. उरलेल्या महिन्यांत अमेरिकेतील गावोगावच्या चर्चमध्ये हिंडून शाळांसाठी पैसे गोळा करत. म्हणजे घरी असले तरी घरी नसतच. पाच मुलांचा संसार आणि मिशनचे कचेरीतले काम बेर्टाबाईंनी ओढले. शाळांच्या इतिहासात त्यांच्या नावाला एखादी ओळ मिळते. घरोघरच्या गृहिणींना यात नवल वाटणार नाही.

३ डिसेंबर १९८७ रोजी रुवांडात एक छोटे विमान कोसळले. त्यात फॉस्टर होते. वय ६२.

आता दोन प्रश्न उरतात. ते टाळून पुढे जाणे बरे नाही.

पहिला धर्माचा. फॉस्टर यांनी आपला हेतू कधी लपवला नाही. त्यांच्या संस्थेच्या नावातच ‘ख्रिश्चन मिशन’ होते. बहिऱ्यांपर्यंत ख्रिस्ताची शिकवण पोचत नाही, ही त्यांची मूळ तळमळ. शाळेबरोबर रविवारची प्रार्थना आणि बायबलचे वर्ग असत. शिक्षणाच्या आडून धर्मप्रसार, असे कोणी म्हणेल. असहाय मुलाला भाकरी देताना त्याच्यापुढे धर्म ठेवला तर त्याला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक कितपत असते, हा प्रश्न रास्तच आहे, आणि मिशनच्या शाळांपुरता तो नाही.

पण या प्रश्नाला एक दुसरी बाजू आहे, आणि ती पाहायला आफ्रिकेत जावे लागत नाही. गणपतीचे दिवस डोळ्यांसमोर आणा. घरात आरती चालली आहे. सगळे उभे आहेत, टाळ्या वाजवत आहेत, तोंडे हलत आहेत. त्यांच्यात घरातले बहिरे मूलही उभे आहे, तेही टाळ्या वाजवते आहे. आरती संपल्यावर त्याच्या हातावर प्रसाद पडतो. पण हा हत्तीच्या तोंडाचा देव कोण, तो दहा दिवसांनी पाण्यात का जातो, आजी डोळे का पुसते, हे त्याला कोणी सांगितले आहे का? सांगणार तरी कसे? घरात त्याच्याशी बोलायला भाषा आहे ती ‘ये’, ‘जा’, ‘जेव’, ‘मार खाशील’ एवढ्याच खुणांची. आजोबा वारले की ते मुलाच्या लेखी एक दिवस दिसेनासे होतात. सगळे रडतात म्हणून तेही रडते. बहिऱ्या मुलाला देव, मृत्यू, लग्न, पाप, पुण्य, आपले गोत्र आणि आपले गाव यांविषयी घरात कोणी काही सांगत नाही. त्याचा धर्म त्याच्यापासून कोणी हिरावून घेतलेला नसतो, तो त्याच्यापर्यंत आलेलाच नसतो. फॉस्टर यांना बायबलची जी उणीव खुपली, ती या मोठ्या उणिवेचाच एक भाग होती. त्यांनी भाषा दिली आणि आपला धर्मही दिला. धर्माबद्दल वाद घालता येतो तो भाषा आल्यावर. ज्या मुलाला भाषा मिळाली, त्याला निदान पुढे मोठेपणी ‘हे मला पटत नाही’ असे म्हणण्याची सोय झाली.

दुसरा प्रश्न मला अधिक बोचतो. मांपाँगपासून फार दूर नाही असे अदामोरोबे नावाचे एक खेडे आहे. या गावात आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण पिढ्यान् पिढ्या खूप मोठे आहे. त्यामुळे गावाने फार पूर्वीच स्वतःची खुणांची भाषा घडवली. ती बहिऱ्यांपुरती नव्हती. ऐकू येणारे गावकरीही ती बोलत. शेतावर, पाणवठ्यावर, भांडणात, थट्टेत सर्रास हात चालत. म्हणजे ज्या गोष्टीसाठी फॉस्टर यांना समुद्र ओलांडून यावे लागले, ती या खेड्यात कोणाच्या मदतीवाचून उभी होती. पण अदामोरोबेची बहिरी मुले मांपाँगच्या शाळेत जाऊ लागली आणि तेथे अमेरिकन खुणांतून घडलेली भाषा शिकू लागली. आज घानाची खुणांची भाषा म्हणून तीच देशभर चालते. अदामोरोबेची जुनी भाषा मात्र ओसरत चालली आहे. भाषाशास्त्रज्ञ तिची नोंद करून ठेवण्याच्या खटपटीत आहेत. शाळेने त्या मुलांना देशभरातल्या बहिऱ्यांशी जोडले, आणि त्याच वेळी त्यांच्या आजीच्या हातांपासून थोडे तोडले. आपली कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारी मुले शहरातल्या शाळेत गेली की काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. यात फॉस्टर यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्या मुलांजवळ कुठलीच भाषा नव्हती त्यांची संख्या अदामोरोबेच्या मुलांपेक्षा कितीतरी मोठी होती. पण एका माणसाच्या एवढ्या चांगल्या कामाचाही हिशेब सरळ बेरजेचा नसतो.

आपल्याकडेही बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाची पहिली पावले ख्रिस्ती मंडळींनीच टाकली. मुंबईत १८८० च्या दशकात रोमन कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने बहिऱ्या मुलांची शाळा निघाली. देशातील अशा प्रकारची ती पहिली शाळा मानली जाते. दक्षिणेत पाळयंकोट्टै येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन या मिशनरी बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तसेच काम उभारले, तेथील शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे आपल्या देशात शाळा वाढल्या, पण मिलानच्या ठरावाची सावली येथेही लांब पडली. दीर्घकाळ आपल्या बहुतेक शाळांत भर राहिला तो बोलायला शिकवण्यावरच. वर्गात मुलांनी तोंड हलवायचे आणि मधल्या सुट्टीत मैदानाच्या कोपऱ्यात हातांनी पोटभर गप्पा मारायच्या, असा प्रकार. मुलांची खरी शाळा त्या कोपऱ्यातच भरत होती.

अलीकडे वारे फिरले आहे. २०१५ साली केंद्र सरकारने दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेसाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन केले. त्याच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांच्या खुणा जमा झाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही या भाषेला देशभर प्रमाण रूप देण्याची गोष्ट आली. हे प्रमाणीकरण करताना अदामोरोबेची आठवण कोणी ठेवली तर बरे होईल, कारण आपल्याकडेही गावोगावच्या, घरोघरच्या खुणा आहेतच.

ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. मूल सहा महिन्यांचे होऊनही मोठ्या आवाजाला दचकत नसेल, आईच्या आवाजाकडे मान वळवत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू, आमच्या ह्यांनाही उशिराच वाचा फुटली होती’ म्हणून थांबू नये. कानाची तपासणी तान्ह्या बाळाचीही करता येते. श्रवणयंत्र किंवा कानात बसवायचे कॉक्लिअर रोपण यांचा उपयोग जितक्या लवकर सुरू होईल तितका अधिक. आणि खुणा शिकवल्या तर मूल बोलणारच नाही, ही भीती मनातून काढून टाकावी. खुणेने का होईना, पहिल्या चार-पाच वर्षांत ज्याच्या हाती भाषा पडली त्याला पुढे वाचणे, लिहिणे, जमल्यास बोलणेही सोपे जाते. मात्र त्या खुणा घरातल्या आई, बाबा, ताई, दादा सर्वांनी शिकायला हव्यात. एकट्या मुलाने शिकून ती बोलणार कोणाशी?

शिकवायला माणसे कोठून आणायची, असे विचाराल. दिल्लीच्या त्या केंद्राचा भारतीय सांकेतिक भाषा शिकवण्यासंबंधी एक पदविका अभ्यासक्रम आहे. तो खास कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे. तेथून बाहेर पडणारा मास्तर स्वतः बहिरा असतो.